रेल्वे ऐकू येते, मग कान तपासायचे कशाला?

आमचं घर खानापूर तालुक्यात, बेळगाव-लोंढा रेल्वेलाईनपासून हाकेच्या अंतरावर. गाडीची धडधड सुरू झाली की आमचा बाळू असेल तिथून उठून परसदाराकडं धावायचा. त्यामुळं त्याच्या कानांबद्दल घरात कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. दोन वर्षांचा होत आला तरी बोलत नव्हता, एवढंच. आणि त्यावर प्रत्येकाकडं उत्तर तयार असायचं. मुलगे उशिराच बोलतात. याचा बाप तिसरं लागल्यावर बोलला. घरात दुसरं पोर नाही, बोलणार कुणाशी? सासूबाईंनी वेखंड उगाळून मधातून जिभेला लावूया म्हटलं. गल्लीतल्या एका आजींनी जिभेखालचा दोरा कापून आणायला सांगितलं. सगळी आपली माणसं, सगळ्यांना पोराची काळजी. पण 'कान बघून घ्या' असं त्यातलं एकही माणूस म्हणालं नाही.

ते म्हणाल्या आमच्या उपकेंद्रातल्या नर्सअक्का. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो, त्यासाठी आम्ही गेलो होतो. अक्का मूळच्या कन्नड, पण इतकी वर्षं आमच्या भागात काढल्यामुळं मराठी आमच्यासारखंच बोलतात. सुई देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती शब्द बोलूलालंय गे?"

"आई म्हणतो. कधीकधी मंमं. बाकी हात धरून ओढत नेतो. बोलत नाही खरं समजतंय त्याला सगळं."

"बोटानं दाखवतंय काय? लांबची वस्तू? आणि दाखवून तुझ्या तोंडाकडं बघतंय काय?"

हे मला नीट सांगता आलं, कारण बाळू दाखवायचा. कौलावर मांजर दिसलं की बोट वर, आणि लगेच मान वळवून माझ्याकडं. अक्कांनी मान डोलावली. हे चांगलं लक्षण आहे म्हणाल्या. मूल दाखवत नसेल, हाकेला बघत नसेल, नजर देत नसेल, तर तपासणीची दिशा थोडी वेगळी असते. मग त्यांनी सांगितलं ते मी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं: वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दीड वर्षाला दहाएक तरी, दोन वर्षांना पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी, म्हणजे 'दूध दे', 'बाबा आले' असं. तीन वर्षांना छोटी वाक्यं, आणि बाहेरच्या माणसालाही बरंचसं कळलं पाहिजे. थोडं मागंपुढं होतं, पण दोन वर्षांना जोडणी नाही तर थांबायचं नाही. आणि येत असलेले शब्द मुलानं सोडून दिले, तर कुठल्याही वयात लगेच दाखवायचं.

"जन्मल्यावर कान तपासले होते त्याचे," मी म्हटलं. खरंच तपासले होते. बाळंतपण झालं तिथं कानात छोटी नळी घालून मशीन लावलं होतं आणि 'पास' लिहून दिलं होतं.

"ते तेव्हाचं," अक्का म्हणाल्या. "मधे दोन वर्षं गेलीत. सर्दी किती वेळा झाली त्याला, सांग बघू."

पावसाळाभर झाली होती. आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. जूनपासून कपडे वाळत नाहीत आणि पोरांची नाकं सुकत नाहीत.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांचं पथक येतं, ते 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात असते: जन्मतःचे दोष, कमतरतेचे विकार, आजार आणि वाढीतला उशीर. बोलण्याचा उशीर या शेवटच्यात येतो. आमच्याकडं बहुतेक आयांना वाटतं की हे पथक वजन-उंची बघायला आणि जंताच्या गोळ्या द्यायला येतं. मूल अंगणवाडीत जात नसलं तरी त्या दिवशी घेऊन जाता येतं. फॉर्म कन्नडमधला, तो अंगणवाडीच्या बाईंनी मला एकेक ओळ मराठीत सांगत भरून घेतला. पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळूच्या मागं उभं राहून हळू आवाजात हाक मारली. तो वळला नाही. जरा मोठ्यानं मारली, वळला. त्यांनी काही न बोलता जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली.

ती चिठ्ठी घेऊन आम्ही लगेच निघालो असतो, पण मिस्टरांना वाटलं आधी खासगीत एक मत घेऊ. त्या दवाखान्याचं नाव मी घेत नाही. डॉक्टरांनी बाळूच्या कानाला हातसुद्धा लावला नाही. घरात कोणती भाषा, शेजारी कोणती, टीव्ही कोणता, एवढं विचारलं आणि निकाल दिला: घरी मराठी, शेजारी कन्नड, पुढं शाळा इंग्लिश, म्हणून पोर गोंधळलंय. मराठी बंद करा, घरात फक्त इंग्लिश बोला, तीन वर्षांपर्यंत बघू.

या सल्ल्याबद्दल मला मनापासून राग आहे, कारण तो आमच्या भागात फार पोरांच्या आयांना मिळतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, घरात एक भाषा आणि दारात दुसरी हेच आमचं जगणं. माझ्या सासूबाई भाजीवालीशी कन्नडमध्ये भाव करतात आणि देवाशी मराठीत बोलतात. अशा घरांतून पिढ्यान् पिढ्या मुलं दोन-दोन भाषा बोलत मोठी झाली. दोन भाषा कानावर पडल्यानं मूल बोलायचं थांबत नाही, हे वाचेवर काम करणारे लोक स्पष्ट सांगतात. उशीर असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि त्याचं कारण दुसरीकडं शोधायचं असतं. शिवाय मला इंग्लिश येतं ते फॉर्म भरण्यापुरतं. त्या भाषेत मी पोराला काय रागावणार, काय लाडावणार? आजीनं तर तोंडच बंद करायचं का? ज्या पोराला बोलणं जास्त मिळायला हवं, त्याच्या घरातलं निम्मं बोलणं एका वाक्यात बंद करायचा सल्ला होता तो. आम्ही तो मानला नाही आणि चिठ्ठी घेऊन बेळगाव गाठलं.

कानाच्या दोन तपासण्या झाल्या. पहिली सोपी. कानात रबरी टोक घालून हवेचा दाब थोडा कमीजास्त करतात आणि पडदा हलतो का ते मशीन कागदावर उमटवतं. पडदा नीट हलत असेल तर डोंगरासारखी रेघ येते. बाळूची दोन्ही कानांची रेघ सपाट आली.

दुसरी तपासणी बेरा. त्यात मूल गाढ झोपलेलं लागतं, कारण कानात टिकटिक आवाज सोडून मेंदूपर्यंत तो पोचतो का हे कपाळावर आणि कानामागं चिकटवलेल्या तारांनी मोजतात. मूल हललं की मोजमाप बिघडतं. झोपेचं औषध तिथंच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजतात, पण त्याआधी मूल दमलेलं असलं पाहिजे. म्हणून आम्हाला सांगितलं होतं, रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, आणि येताना बसमध्ये अजिबात डोळा लागू देऊ नका.

खानापूर-बेळगाव बसमध्ये पहाटे उठवलेल्या पोराला जागं ठेवणं काय असतं ते त्या आईलाच माहीत. बस हलली की त्याची मान पडायची. मी पायाचे तळवे चोळत होते, सासूबाई ओला रुमाल तोंडावरून फिरवत होत्या. मागच्या सीटवरच्या एका बाईंनी चुरमुऱ्यांची पुडी सोडली आणि एकेक दाणा त्याच्या हातावर ठेवत राहिल्या. कंडक्टरनं काय झालं विचारलं, सांगितल्यावर तोही येताजाता बाळूला टिचकी मारून जायचा. एवढं करून पोचलो, औषध पाजलं, आणि साहेब टक्क जागे. बरोबर नेलेली गोधडी अंथरली, खोलीतला दिवा मालवला, सासूबाईंनी मांडीवर घेऊन थोपटलं, तेव्हा कुठं झोपला. तार लावताना त्याच्या केसांत जेल भरली होती, ती दोन दिवस निघाली नाही.

निकाल असा: दोन्ही कानांत साधारण 40 डेसिबलपर्यंतचा आवाज त्याच्यापर्यंत नीट पोचत नव्हता. आतली नस चांगली होती. पडद्यामागं पाणी साठलं होतं. वारंवारच्या सर्दीनं नाकाकडून कानाकडं जाणारी नळी तुंबते आणि पडद्याच्या मागं द्रव राहतो. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून घरात कळत नाही. डॉक्टरांनी समजावलं की याला कानावर घोंगडं पांघरल्यासारखं ऐकू येतं. रेल्वे, कुकरची शिट्टी, दारावरची थाप, हे मोठे आवाज घोंगड्यातूनही आत जातात. पण मी चुलीपाशी पाठमोरी उभी राहून जे बोलते त्यातले शब्द त्याच्यापर्यंत अर्धेमुर्धे पोचतात. स, श, फ असले हलके आवाज तर पोचतच नाहीत. जे नीट ऐकूच आलं नाही ते तो बोलणार कसा?

तीन महिने वाट बघायची असं ठरलं, कारण हे पाणी बऱ्याच मुलांत आपोआप उतरतं. नाही उतरलं तर पडद्यातून बारीक नळी बसवायची शस्त्रक्रिया असते. मधल्या काळात सर्दी अंगावर काढायची नाही, आडवं झोपवून बाटलीनं दूध पाजायचं नाही, चुलीच्या आणि विडीच्या धुरात पोराला बसवायचं नाही. मामंजींनी त्या दिवसापासून विडी ओढायला गोठ्याकडं जायला सुरुवात केली, आणि आजही तिकडंच जातात.

त्या व्हरांड्यात चिकोडीकडची एक आई भेटली. तिच्या मुलीला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र, सांगितलं होतं. दिव्यांगांना साधनं मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ती शस्त्रक्रिया होते, पण मूल पाच वर्षांच्या आत असावं लागतं, आणि जितकं लहान तितका फायदा जास्त. तिची मुलगी चौथ्यात होती. 'बोलेल की' म्हणत म्हणत घरच्यांनी वर्षं घालवली होती आणि आता ती बाई एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पळत होती. आमचं पाणी उतरणारं होतं. तिच्याकडं दिवस मोजलेले होते. बोलण्याच्या उशिरामागं काय आहे ते घरात बसून ओळखता येत नाही, हे मला त्या बाकावर जेवढं पटलं तेवढं कुणाच्या सांगण्यानं पटलं नसतं.

पाणी उतरायची वाट बघताना बोलण्याचं काम मात्र थांबवायचं नसतं. आम्हाला वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम मिळाल्या त्या म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत शिकलेल्या. 1965 साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि आपल्याच राज्यात आहे. तिथं ऐकू न येणाऱ्या लहान मुलांबरोबर आयांनाही शिकवतात. आम्हाला तिथवर जायची गरज पडली नाही, पण ज्यांना मोठी तपासणी लागते त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. आणखी एक. गावोगाव 'स्पीच थेरपी' अशा पाट्या लागल्यात. जिथं जाल तिथं भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. शिकलेली व्यक्ती लगेच दाखवते.

मॅडमना मराठी मोडकंतोडकं यायचं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला कोरा कागद दिला आणि बाळू म्हणतो ते सगळं लिहून काढायला सांगितलं. मराठी, कन्नड, काहीही. पूर्ण शब्द नसला तरी चालेल, ठरावीक गोष्टीला ठरावीक आवाज काढत असेल तर तोही धरायचा. मी आणि सासूबाई बसलो. आई, मंमं, कुत्र्याला भूभू, गाईला हम्मा, गाडीला 'ढू'. मग सासूबाई म्हणाल्या, शेजारच्या गौडांच्या घरी जातो तिथं 'बा', म्हणजे 'ये', म्हणतो, नको असलं की 'बेडा' म्हणतो, पोट भरलं की 'साकु'. हे माझ्या मोजणीत कधी आलंच नव्हतं. मॅडमनी दोन्हीकडचे शब्द एकत्र धरले. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द असेच मोजायचे असतात. एकाच भाषेचे मोजले तर मूल आहे त्याहून मागं दिसतं.

भाषेचं मी त्यांना रडवेली होऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही मराठी बोला. आजी मराठी बोलू दे. गौडरकडं कन्नड बोलू दे. जी भाषा पोटातनं येते तीच बोला, जास्त बोला, त्याच्या तोंडासमोर बोला."

आठवड्यातली त्यांची बैठक थोड्या वेळाची. खरं काम घरी. आणि ते काम म्हणजे वही घेऊन शिकवणं नव्हे. पहिली गोष्ट त्यांनी माझी 'म्हण' बंद केली. म्हण आई, म्हण पाणी, म्हण चेंडू, असं आम्ही दिवसभर त्याच्या मागं लागायचो. त्यानं मूल आणखी मिटतं. त्याऐवजी त्याच्या उंचीला बसायचं, तो जे करतो आहे ते छोट्या वाक्यात आपणच बोलायचं: "पाणी ओतलं. कुंडीत पाणी. भरली कुंडी." तो 'ढू' म्हणाला की आपण "ढू गेली!" म्हणायचं, म्हणजे त्याच्या शब्दाला एक शब्द जोडून परत द्यायचा. दूध समोर न ठेवता "दूध हवं की केळं?" असं दोन्ही हातांत धरून विचारायचं. आणि विचारलं की थांबायचं. मनात पाच आकडे मोजायचे, गप्प.

हे थांबणं सगळ्यात अवघड गेलं. मॅडमनी सासूबाईंना झाकणाच्या पारदर्शक बरणीत शेंगदाण्याचे लाडू ठेवायला सांगितलं. घट्ट झाकण, पोराला दिसेल पण उघडणार नाही. बाळू बरणी घेऊन आजीकडं आला, तिच्या मांडीवर ठेवली, तिचा हात धरून झाकणावर नेला. एरवी सासूबाईंनी झटक्यात उघडून दिली असती. त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. बाळूनं पुन्हा हात ओढला. त्या म्हणाल्या, "उघडू?" आणि परत थांबल्या. तो तिच्या ओठांकडं बघत राहिला. "उघ," म्हणाला. सासूबाईंनी बरणी उघडली आणि पदरानं डोळे पुसले. लाडू दोन मिळाले त्या दिवशी, मॅडमनी एकच सांगितला होता.

मोबाईलचंही सांगते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना मोबाईल-टीव्हीचा पडदा अजिबात नको, असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आम्ही जेवताना लावायचो तो बंद केला. पहिले काही दिवस जेवण म्हणजे रडारड होती, मग अंगणात कोंबड्यांना भात टाकत टाकत तो जेवायला लागला आणि त्या निमित्तानं कोंबडी, पिल्लू, 'ये ये', 'गेली' हे सगळं जेवणातच व्हायला लागलं. पण मोबाईल काढला की बोलणं आपोआप येतं, असंही कुणी समजू नये. बाळूच्या कानातलं पाणी मोबाईलनं साठलं नव्हतं.

खर्चाचं विचारतात म्हणून. सरकारी चिठ्ठीवर तपासण्यांचा भार आमच्यावर पडला नाही. खासगीत बैठकीला काही शे रुपये जातात आणि ते महिन्याला जाणवतात. बसचा खर्च मात्र वाचला. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना शक्ती योजनेतून सरकारी बसचं तिकीट नाही, त्यामुळं मी आणि सासूबाई दोघीही जाऊ शकलो. आजी बरोबर येणं महत्त्वाचं होतं. दिवसभर पोराजवळ ती असते, मॅडमचं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं म्हणून घरात ते पाळलं गेलं.

तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा डावा कान मोकळा झाला होता, उजव्यात अजून थोडं होतं. आणखी थांबून पुन्हा तपासलं, तोही मोकळा. शस्त्रक्रिया टळली. बोलणं त्या दिवशी बांध फुटल्यासारखं आलं नाही. हळूहळू आलं, कधी आठवडाभर नवीन काहीच नाही, कधी एका दिवसात तीन शब्द. दोन शब्दांची पहिली जोडणी त्यानं केली ती मराठी-कन्नड मिसळून, 'दूध बेडा'. मी मॅडमना फोन करून सांगितलं, त्यांनी जोडणी झाली म्हणून नोंद केली.

आता बाळू तीन वर्षांचा होऊन गेलाय, अंगणवाडीत जातो. छोटी वाक्यं बोलतो, घरात मराठी, गौडांच्या अंगणात कन्नड. 'र' अजून येत नाही, पण तो बऱ्याच मुलांना उशिराच येतो, त्यासाठी आत्ता काही करायचं नाही असं मॅडमनी सांगितलंय. बैठक आता महिन्यातून एकदा. पावसाळा संपला की कान पुन्हा तपासायचे आहेत, सर्दी लांबली तर त्याआधीच. आमच्या अंगणवाडीत पथक यायच्या आदल्या दिवशी बाईंबरोबर मीही आता घरोघर सांगायला जाते. गेल्या खेपेला खालच्या गल्लीतल्या दोघीजणी पोरांना घेऊन आल्या. त्यातल्या एकीच्या मुलीला बेळगावची चिठ्ठी मिळाली आहे. बसमध्ये पोराला जागं कसं ठेवायचं ते मी तिला सांगून ठेवलंय.